पालकांची सही आणावी

लाल शाईने लिहिलेला शेरा कधी खोडायचा नाही, हा नियम मी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही मोडला नाही. पाच मुख्याध्यापक आले आणि गेले, पुस्तकं चारदा बदलली, काळ्या फळ्याच्या जागी पांढरा फळा आला. पण माझा शेरा म्हणजे शेरा. हा नियम परदेशात जाऊन माझ्याच अंगाशी येणार आहे असं कोणी आधी सांगितलं असतं, तर मी लाल पेनं घरी ठेवून गेलो असतो. निदान ही तसं म्हणते. खरं सांगायचं तर मी तरीही नेली असती. डझनभर नेली होती.

ही म्हणजे आमची सौ. निवृत्तीनंतर मी एका संस्थेमार्फत सहा महिने परदेशात प्रौढांना इंग्रजी शिकवायला गेलो, बिनपगारी, तेव्हा ही बरोबर होती. आम्ही तिथे कसे पोचलो ती हकिकत लांबलचक आहे आणि तिच्यात माझी बाजू जरा लंगडी आहे, म्हणून ती सोडून देतो.

वर्ग भरायचा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी, गावातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत. ही खोली दिवसा लहान मुलांची. त्यामुळे खुर्च्या माझ्या गुडघ्याएवढ्या, टेबलं त्यांना शोभतील इतकी बुटकी आणि भिंतीवर हत्ती, जिराफ वगैरे मंडळी. अशा खुर्च्यांवर माझे सात विद्यार्थी हनुवटीला गुडघे टेकवून बसत. एक सुतार, एक बसड्रायव्हर, एक न्हावी, एक लाँड्रीवाल्या बाई, आणि आणखी तिघं. ती तिघं इतकी नियमित आणि शहाणी होती की त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काहीच नाही. सगळ्यात धाकट्या लाँड्रीवाल्या बाई, त्या पंचेचाळीसच्या. बोलणं चालायचं ते त्यांच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या त्याहून मोडक्या त्यांच्या भाषेत. एकमेकांचं हसू आलं तर दोघांनीही ते लपवायचं, असा न बोलता करार झाला होता.

आता टाचण वहीबद्दल सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात काय शिकवणार ते शिक्षकाने आधी एका वहीत लिहायचं, आणि उजवीकडच्या रकान्यात मुख्याध्यापकांनी सही करायची, ही आमच्या शाळेची पद्धत. तिथे मला टाचण कोणी मागितलं नव्हतं. पण टाचण काढल्याशिवाय वर्गात जायचं म्हणजे चप्पल न घालता रस्त्यावर गेल्यासारखं वाटतं. मी पहिल्याच रविवारी वही आखली, उजवीकडे सहीचा रकाना सोडला आणि मग लक्षात आलं, की इथे मुख्याध्यापकच नाहीत. संस्थेच्या ऑफिसात एक समन्वयक बाई होत्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांच्यापुढे वही ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, "अशा वहीवर सही करण्याचा अधिकार मला नाही."

घरी आल्यावर ही म्हणाली, "मी करू का?"

"तू मुख्याध्यापक आहेस का?"

"घरात तर आहे."

मी वही मिटली. आठवड्यामागून आठवडे गेले, टाचण भरत गेलं आणि सहीचे रकाने मोकळे राहिले. कोणाला ते दिसत नव्हते, पण मला दिसत होते.

तर सुतार. वय अठ्ठावन्न, कानावर पेन्सिल, अंगाला ताज्या भुशाचा वास. माणूस लाखात एक. पहिल्याच आठवड्यात त्याने वर्गातल्या सगळ्या डगमगत्या खुर्च्या न सांगता दुरुस्त करून टाकल्या. पण गृहपाठाचं नाव नको. कानावरच्या पेन्सिलीने त्याने आयुष्यात हजारो फळ्या आखल्या असतील, वहीवर मात्र ती कधी उतरायची नाही. विचारलं की बुटांकडे बघायचा. मी एकदा सोडलं, दोनदा सोडलं.

तिसऱ्या वेळी मी घरी वह्या तपासत बसलो होतो आणि ही चहा करता करता शेजारणीबद्दल काहीतरी सांगत होती. माझं अर्धं लक्ष तिकडे. बाकीच्या अर्ध्यात हात आपला चालू. चौतीस वर्षांचा मुरलेला हात तो, त्याला मालकाची गरज लागत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या वाटल्या. सुताराने आपली उघडली आणि एकेका शब्दाखाली बोट धरून मोठ्याने वाचलं, "गृहपाठ अपूर्ण. पालकांची सही आणावी."

साडेचार महिन्यांत या माणसाने एक इंग्रजी वाक्य न अडखळता वाचलं नव्हतं. हे वाचलं. उच्चारसुद्धा बिनचूक.

बसड्रायव्हर खदखदून हसला. लाँड्रीवाल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मी मनात म्हटलं, आता हाही हसेल, मीही हसेन आणि विषय संपेल. पण सुतार हसला नाही. त्याने वही बंद केली, पिशवीत ठेवली आणि म्हणाला, "आई आहे माझी. चौऱ्याऐंशी वर्षांची."

"वा, छान!" मी म्हणालो.

चूक झाली, राहू द्या, एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजीत तीन शब्द लागतात आणि ते मीच त्यांना शिकवले होते. पण लाल शेरा! सगळ्या वर्गासमोर! मास्तराची जीभ अशा वेळी नेमकी टाळ्याला चिकटते. सुतार वर्ग सुटल्यावर नेहमीसारखा खुर्च्या रचायला थांबला नाही. गुरुवारी तो आला नाही. पुढच्या मंगळवारीही नाही.

आले ते बाकीचे. न्हाव्याने माझ्यासमोर आपली वही आपटली. "माझ्या वहीत का नाही?"

"तुमचा गृहपाठ पूर्ण असतो म्हणून."

"म्हणजे गृहपाठ करणाऱ्याचं घरच्यांनी काही बघायचंच नाही?" त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्याने ते वाक्य स्वतःच वहीत उतरवून काढलं होतं आणि आईवडील नाहीत म्हणून खाली मोठ्या बहिणीची सही आणली होती. लाँड्रीवाल्या बाईंनी सासूची आणली. बसड्रायव्हरचे वडील त्याच्या बसच्या शेवटच्या थांब्याशी राहतात. तिथे गाडी पाच मिनिटं थांबते, तेवढ्यात त्याने सही घेतली होती. म्हाताऱ्याने सहीखाली चार ओळींची मुलाविरुद्ध तक्रारही लिहून दिली होती. गुरुवारपर्यंत सातांपैकी सहा वह्यांवर पालकांच्या सह्या झाल्या. ज्याला मागितली होती, त्याची तेवढी नाही.

"जेवताना तीनदा त्या सुताराचा विषय काढलात," ही म्हणाली.

"खुर्च्या परत डगमगायला लागल्यात, म्हणून."

"हो ना. खुर्च्यांचं फार वाईट वाटतं," ही म्हणाली आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहायचे. तरुणपणी काही वर्षं बोटीवर काढलेली, त्यामुळे इंग्रजी माझ्याहून सफाईदार आणि सल्ला देण्याची हौस दांडगी. मी त्यांना सुताराचं घर विचारलं. एरवी ते मी बूट कोणत्या पायात आधी घालावा तेही सांगत. पण हे ऐकून एकदम ताठ बसले. "चाळीस वर्षं टपाल वाटलं. कोणाचा पत्ता कोणाला सांगितला नाही. तुम्ही ऑफिसातून रीतसर परवानगी घ्या."

समन्वयक बाईंकडे यासाठी फॉर्म निघाला. 'विद्यार्थ्याच्या घरी भेट', तीन प्रतींत. तिसऱ्या कलमात विद्यार्थ्याची संमतीची सही हवी होती.

"तो येत नाही, म्हणून तर त्याच्या घरी जायचंय," मी म्हणालो.

"मग तो आला की सही घ्या."

"तो आला तर मी जाऊ कशाला?"

बाईंनी खरोखर विचार केला. "बरोबर आहे. मग फॉर्मची गरजच नाही."

"म्हणजे जाऊ?"

"फॉर्मशिवाय कसे जाणार?" मग त्यांना आणखी काहीतरी आठवलं. "आणि सर, पालकांच्या सहीचं ऐकलं मी. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याला पालक नसतात. नियमच आहे तसा."

"याला आहे," मी म्हणालो. "चौऱ्याऐंशी वर्षांची."

मी तिन्ही प्रती घडी घालून खिशात ठेवल्या आणि अपमान गिळत घरी आलो. पोस्टमन जिन्यातच उभे होते. माझा चेहरा बघून त्यांनी घसा साफ केला. "मी रविवारी सकाळी फिरायला जातो. नऊ वाजता. माझ्या मागून कोणी आलं, तर त्याला मी काय करणार? रस्ता सगळ्यांचा आहे."

रविवारी नऊ वाजता ते पुढे आणि पन्नास पावलांवर आम्ही दोघं मागे, अशी आमची वरात निघाली. ते मागे वळून बघत नव्हते, पण आम्ही चढावर मागे पडलो की एखाद्या दुकानाची बंद काच निरखत उभे राहत. शेवटी एका निळ्या फाटकापाशी थांबून ते बुटाची नाडी बांधायला वाकले. त्यांच्या बुटांना नाड्या नव्हत्या. नंतर समोरच्या बाकावर जाऊन त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

फाटकाच्या आत कारखाना, त्याच्या मागे स्वयंपाकघर. सुतार रंधा मारत होता. आम्हाला बघून आधी पांढरा पडला, मग लाल झाला आणि मग काही न सुचून त्याने सहा खुर्च्या मांडल्या. आम्ही दोघंच होतो. त्याची आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. बारीकशी म्हातारी, खांद्यावर लोकरी शाल, उजवा हात सारखा थरथरतोय. पण मटार एक इकडचा तिकडे पडत नव्हता. ही सरळ तिच्या शेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली. भाषा येत नसली की हिचं असंच सुरू होतं. मी मात्र मधोमध उभा. चार वाक्यं पाठ करून नेली होती, त्यातलं एकही आठवेना. शेवटी मी रस्त्यावर जाऊन पोस्टमनना हाक मारली. ते हातातला पेपर न मिटता आत आले. "सहज इकडून चाललो होतो," असं त्यांनी सुताराला सांगितलं.

आजीने मला खालून वर पाहिलं. "हेच का ते मास्तर?"

"शेरा चुकून लिहिला गेला," मी म्हणालो. पोस्टमननी ते सांगितलं. माझं एक वाक्य, त्यांची पाच झाली. बाकीची चार त्यांच्या पदरची. "त्यांना वाईट वाटलं असेल तर..."

"मास्तर," सुतार म्हणाला, "तुमचा काही दोष नाही. मी आठ वर्षांचा असताना असाच शेरा मिळाला होता. गृहपाठ केला नव्हता. आईची सही आण म्हणाले. आईला लिहिता येत नव्हतं. तिने चुलीची काजळी बोटाला लावली आणि अंगठा उठवला. मास्तरांनी वही सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवली. पोरं हसली. मी वही तिथेच टाकली आणि मामाच्या कारखान्यात आलो. परत गेलो नाही."

माझ्या डोळ्यांपुढे मी वर्गात उंच धरलेल्या वह्या आल्या. चौतीस वर्षांत किती असतील! त्यांतल्या कुठल्या वहीमागे काय होतं, मी कधी विचारलं नव्हतं. मला त्या सहा खुर्च्यांपैकी एकीवर बसावं लागलं.

"पन्नास वर्षं झाली," आजी म्हणाली. "माझ्या अंगठ्यापायी पोराची शाळा गेली."

सुतार तिच्याकडे बघतच राहिला. "तुझ्यापायी? आई, मला गणित येत नव्हतं! मी गृहपाठ केला नव्हता, तो मी केला नव्हता. तुझा काय संबंध?"

"मग सांगायचं नाही का तसं?"

"तू विचारलंस कुठे?"

पोस्टमननी हे सगळं मला सांगायचं सोडून दिलं आणि पेपर चेहऱ्यासमोर धरला. हिने नंतर ते भाषा न कळताही मला जसंच्या तसं सांगितलं.

मी खिशातून लाल पेन काढलं. "वही आणा," मी सुताराला म्हणालो. "शेरा खोडतो." आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द माझ्या तोंडून निघाले होते आणि हिने चमकून माझ्याकडे पाहिलं. सुताराने वही आणली. मी पेन टेकवणार, एवढ्यात थरथरता हात आला आणि वहीवर पालथा पडला.

"खोडायचं नाही," आजी म्हणाली. "मला सही करायची आहे. अंगठा नाही. सही. तुम्ही जाणार कधी?"

"पाच आठवडे आहेत."

"बास झाले," आजी म्हणाली आणि मटारांकडे वळली.

सुतार मंगळवारपासून वर्गात यायला लागला. आता त्याला दोन भूमिका होत्या. माझ्याकडे विद्यार्थी, घरी मास्तर. आजीच्या नावात सात अक्षरं. हात थरथरतो, पेन्सिल धरली की रेघ भलतीकडेच जाते. पहिला आठवडा असाच वाया गेला. मी सुताराला पाटीवर गिरवायच्या, ठिपके जोडायच्या, हात धरून लिहवून घ्यायच्या माझ्या सगळ्या पद्धती सांगितल्या. तो मान डोलवायचा. मग एके दिवशी पिशवीतून त्याने एक फळी काढली. गुळगुळीत लाकडावर सात अक्षरं कोरलेली, बोटभर खोल. "बोट खाचेत घातलं की हात कितीही हलू दे, बाहेर जात नाही," तो म्हणाला. "रोज वीस वेळा बोट फिरवायचं. मग पेन्सिल." फळीच्या कडा त्याने घासून गोल केल्या होत्या. मी चौतीस वर्षं अक्षर शिकवलं, पण हे काही मला सुचलं नव्हतं.

"मग? प्रगती कशी आहे?" मी पुढच्या आठवड्यात विचारलं.

सुताराचा चेहरा उतरला. "गृहपाठ करत नाही हो. रोज वीस वेळा सांगितलं, पाच वेळा करते. विचारलं तर म्हणते मटार सोलायचे होते."

मला इतकं बरं वाटलं! मी म्हणालो, "शेरा लिहा."

"लिहिला असता. पण सही कोणाची आणायला सांगू?"

ही बातमी न्हाव्याच्या दुकानातून गावभर गेली. आता रस्त्यात लोक मला थांबवून आजी कुठल्या अक्षरापर्यंत आली ते विचारू लागले. भाजीवाला, चौकातला शिपाई, औषधाच्या दुकानातल्या बाई. इतके महिने जी माणसं फक्त मान हलवत होती, ती आता आम्हाला दारातून हाका मारून आत बसवत. हिला विणकामाच्या दोन मैत्रिणी मिळाल्या, मला कटिंग फुकट झाली आणि डोक्यावरचे उरलेले केसही गेले. चौथं अक्षर जमत नाही म्हटल्यावर गावाला जी काळजी लागली, ती आमच्या दहावीच्या निकालालाही मी पाहिली नव्हती.

त्यातून लाँड्रीवाल्या बाईंच्या सासूने एक मुद्दा काढला. सही खरी कशावरून? पालकाने मास्तरांसमोर बसून केली पाहिजे. लगेच न्हाव्याची बहीण म्हणाली, मग मीही येणार. बसड्रायव्हरच्या वडिलांची तोंडी तक्रार करायची राहिली होती. बघता बघता माझ्या तेविसाव्या आठवड्यात, गुरुवारी, पालकसभा ठरली. पोस्टमननी सूत्रं हाती घेतली. पहिली अडचण खुर्च्यांची. ऐंशीच्या वरची माणसं त्या गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर एकदा बसली की उठवायला माणसं लागतील. समन्वयक बाईंनी जादा खुर्च्यांचा फॉर्म दिला, त्याला सहा आठवडे लागणार होते. पोस्टमननी जाहीर केलं, ज्याने त्याने आपली खुर्ची घरून आणावी.

त्या संध्याकाळी गावातून खुर्च्या चालत निघाल्या. डोक्यावर, काखेत, दोघांत एक. बसड्रायव्हर शेवटच्या थांब्यावरून वडिलांना, त्यांच्या आरामखुर्चीला आणि वाटेत भेटलेल्या आणखी पाच खुर्च्यांना बसमधून घेऊन आला. उतारूंनी काही म्हटलं नाही. ते सगळे सभेलाच येत होते.

मी उभा राहिलो आणि मला माझी शाळा सापडली. "हुशार आहे, पण लक्ष देत नाही," मी न्हाव्याच्या बहिणीला सांगितलं. हे वाक्य मी दहा हजार पालकांना सांगितलं असेल. त्या बाईंनी भावाकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच नजर मी इकडे दहा हजार वेळा पाहिली होती. बावन्न वर्षांचा न्हावी बुटांकडे बघायला लागला.

"हा लहानपणापासून उशिरा येतो," बसड्रायव्हरचे वडील म्हणाले.

"पण बस तर वेळेवर असते त्यांची."

"बस येते. हा घरी येत नाही." त्यावर बसड्रायव्हरही बुटांकडे बघायला लागला.

मग आजी. सुताराने तिची खुर्ची पुढे आणून ठेवली, वही उघडली, शेजारी ती फळी ठेवली. आजीने फळी बाजूला सारली. "ती घरी," म्हणाली. पेन घेतलं. भिंतीवरचा जिराफसुद्धा मान वाकवून बघत असावा.

पहिलं अक्षर झालं. दुसरं, तिसरं. ज्याने सगळ्या गावाला छळलं होतं ते चौथंही झालं. पाचव्याला हात सुटला. पेन वहीवरून निसटून टेबलावर गेलं आणि लाकडावर एक लांब रेघ उमटली. सुतार अर्धा उठला. मी हाताने त्याला बसायला सांगितलं. का, ते मला माहीत नाही. चौतीस वर्षांत एवढं मात्र मी शिकलो होतो, की अशा वेळी मुलाच्या वहीला हात लावायचा नाही. आजीने पेन ठेवलं. दोन्ही हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पाचवं, सहावं, सातवं. अक्षरं वर चढत गेली होती, शेवटचं तर पहिल्याच्या डोक्याहून उंच. पण सात होती आणि ती तिचं नाव होती.

तिने वही माझ्याकडे सरकवली. "तपासा."

मी लाल पेनाने सहीखाली बरोबरची खूण केली. माझा चष्मा तेव्हा निकामी झाला होता, त्यामुळे खूण जरा वाकडी आली. सुतार आईच्या खुर्चीपाशी खाली बसला होता आणि तिच्या शालीत तोंड खुपसून रडत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. ती त्याच्या केसांतला भुसा काढत होती.

आता यावर सभा संपायला हरकत नव्हती. पण आजीला सही करण्याची चव लागली होती. तिने पान उलटून आणखी एक केली. मग न्हाव्याच्या वहीवर केली. त्यानेही करू दिली. मग तिचं लक्ष माझ्या टेबलावरच्या टाचण वहीकडे गेलं. तिने ती ओढून घेतली, पानं उलटली. "हे रकाने मोकळे कसे?"

पोस्टमननी मला विचारलं, मी सांगितलं. शिक्षकाने काम नीट केलं, अशी वरच्यांची सही असते तिथे. इथे तसं कोणी नाही.

"इतके दिवस कोणी केली नाही?" आजीने सभेला आलेल्या समन्वयक बाईंकडे पाहिलं. समन्वयक बाईसुद्धा बुटांकडे बघायला लागल्या.

"मी करते," आजी म्हणाली. "काम झालेलं मी बघितलंय."

तेवीस आठवडे, तेवीस सह्या, सात अक्षरांची एकेक. पाऊण तासाच्या वर गेला आणि एकही खुर्ची हलली नाही. शेवटच्या पानाशी ती थांबली. चोविसाव्या आठवड्याचं टाचण मी नेहमीप्रमाणे आधीच लिहून ठेवलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. "हे शिकवून झालं?"

"नाही. ते पुढच्या मंगळवार-गुरुवारचं."

"मग ते झाल्यावर." तिने पेन ठेवून दिलं.

माझ्या पाच मुख्याध्यापकांनी चौतीस वर्षं त्या रकान्यांत सह्या केल्या. त्यातल्या एकानेही हे कधी विचारलं नव्हतं. तो शेवटचा आठवडा मी जेवढा मन लावून शिकवला, तेवढा नोकरीत कुठलाच शिकवला नसेल.

निघायच्या दिवशी बसथांब्यावर निम्मं गाव आलं होतं. पोस्टमन सहज इकडून चालले होते. आजी शाल गुंडाळून आली आणि आल्याआल्या तिने हात पुढे केला. मी टाचण वही दिली. सुताराकडे एकदा बघून, त्याने मान हलवल्यावर, तिने शेवटच्या रकान्यात सही केली. या वेळी अक्षरं जवळजवळ सरळ होती.

"आणि तुमचा शेवटचा गृहपाठ?" मी सुताराला विचारलं. खरं तर मला काहीतरी बोलायचं होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं.

सुतार बुटांकडे बघायला लागला.

"नाही केला," आजी म्हणाली. "लिहा ना शेरा. आता येते मला सही."

मी लाल पेन काढलं आणि सुताराच्या वहीत लिहिलं, गृहपाठ अपूर्ण, पालकांची सही आणावी. थांब्यावर टेबल नव्हतं. सुतार वाकला, त्याच्या पाठीवर वही ठेवली आणि आजी सावकाश सही करायला लागली. आमची बस त्या दिवशी अकरा मिनिटं उशिरा सुटली. ड्रायव्हर आमच्याच वर्गातला होता आणि तो खाली उतरून वहीचं पान वाऱ्याने उडू नये म्हणून धरून उभा होता.